पट अडतीस, हजर चौदा

तर झालं असं की, काही वर्षांपूर्वी जानेवारीतल्या एका शनिवारी आम्ही ऑफिसातले सहा जण दोन गाड्यांत पुस्तकांच्या पेट्या भरून भल्या पहाटे ठाण्याहून मोखाड्याकडे निघालो. कंपनीचा सामाजिक उपक्रम होता. वाचन सुधारायचं, मुलांच्या हाती पुस्तकं द्यायची, वगैरे वगैरे. आणि नियोजन माझ्याकडे होतं.

नियोजन म्हणजे काय विचारता! एक्सेलची शीट अशी केली होती की पाहणाऱ्याने पाहतच राहावं. प्रत्येक शाळेची एक ओळ. गाव, केंद्र, पटसंख्या, शिक्षक किती, रस्ता डांबरी की कच्चा. पटावरून पेटीचा आकार ठरायचा आणि अंतरावरून गाडीचा मार्ग. कमीत कमी किलोमीटरमध्ये जास्तीत जास्त शाळा. मी त्यासाठी एक छोटा प्रोग्रॅमसुद्धा लिहिला होता. (कुणी सांगितलं नव्हतं, पण हात शिवशिवतात ना.)

तिसरी की चौथी शाळा असेल. मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावरची, दोनशिक्षकी. अंगण स्वच्छ झाडलेलं, भिंतीवर वारली चित्रं, बाहेर चपलांची रांग. रांग जरा छोटी वाटली. आत गेलो, मुलं मोजली, शीट पाहिली, परत मोजली.

"गुरुजी, पट तर अडतीस दिसतोय?"

"पट अडतीसच आहे. हजर चौदा."

"आज काही सण वगैरे?"

गुरुजी हसले. कुत्सितपणे नाही, पण हा प्रश्न त्यांना नवा नव्हता हे कळत होतं. "दिवाळीनंतर भट्ट्या लागतात साहेब. आईबाप निघाले की पोरंही निघतात. होळीला येतील, चार दिवस राहतील, परत जातील. कायमची येतील ती पावसाच्या तोंडावर."

आम्ही अडतीस मुलांची पेटी चौदा मुलांसमोर उघडली, फोटो काढले आणि निघालो. परतताना वाडा-भिवंडी रस्त्याच्या कडेला वीटभट्ट्या लागल्या. दुपारचं ऊन होतं. सात-आठ वर्षांची एक मुलगी कच्च्या विटा वाळाव्यात म्हणून एकेक करून उलटत होती. ती त्याच पाड्यावरची असेल असं मी म्हणत नाही. पण कुठल्या तरी पाड्यावरची, कुठल्या तरी पटावरची असणारच. आणि आम्ही सकाळी पुस्तकं घेऊन तिच्या समोरूनच गेलो होतो.

तो आठवडा मी जरा गप्पच होतो. शीट उघडून पाहिली. पटाचे आकडे अधिकृत होते, त्यात चूक काहीच नव्हती. फक्त ते ३० सप्टेंबरचे होते. शाळांचा पट सरकारदरबारी त्या तारखेला धरतात आणि त्यावरच शिक्षकांची पदंसुद्धा ठरतात. दिवाळी त्यानंतर येते. म्हणजे आमचा डेटा बरोबर, गणित बरोबर, मार्ग बरोबर, आणि निकाल साफ चूक. सॉफ्टवेअरवाल्यांना हा प्रकार चांगलाच ओळखीचा असेल.

बग सापडला की तो आधी कुणाला सापडला होता का हे शोधायची मला खोड आहे. तसं शोधायला बसलो आणि शंभर-सव्वाशे वर्षं मागे गेलो. तीच गोष्ट आज सांगायची आहे.

आधी ज्यांच्याकडे आहे त्यांना

गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं, हे आपण शाळेत एका वाक्यात शिकलो. ते १९१२ मध्ये फेटाळलं गेलं, हे दुसरं वाक्य. तिसरं वाक्य मात्र कुणी शिकवलं नाही. त्या विधेयकात सक्ती सरसकट नव्हती. ज्या भागात ठरावीक टक्के मुलं आधीच शाळेत जात आहेत, अशाच भागात ती लागू करता येणार होती. गोखले व्यवहारी होते; सरकारला खर्चाची भीती वाटू नये म्हणून ही अट. पण तिचा अर्थ काय होतो बघा. जिथे शाळा रुजली आहे तिथे ती आणखी रुजवायची. जिथे एकही मूल जात नाही, ती जागा रांगेत शेवटी.

पुढे १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नांतून मुंबई इलाख्यात सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला. देशातला अशा प्रकारचा हा पहिलाच प्रांतिक कायदा, पण तो नगरपालिकांपुरता. खेडी बाहेर. आणि जव्हार तर ब्रिटिश मुलखातच नव्हतं. १९४८ पर्यंत ते मुकणे घराण्याचं, म्हणजे महादेव कोळी राजांचं संस्थान होतं. (पावसाळ्यात दाभोसा धबधब्याला जाताना आपण जो जयविलास राजवाडा बघतो, तो त्यांचाच.)

याच्या उलट टोकाची उदाहरणं त्याच काळात होती. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचं शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये ते सगळ्या संस्थानाला लावलं. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापुरात तेच केलं. म्हणजे 'परवडत नाही' हे काही अंतिम सत्य नव्हतं. पण या राजांनीसुद्धा मूल शाळेत येईल असंच धरलं होतं. आलं नाही तर आईबापांना दंड. जे मूल आईबापांबरोबर वर्षातले सहा महिने गावातच नाही, त्याचं काय करायचं, हा प्रश्न कुठल्याच कायद्याच्या नजरेत आला नव्हता.

१९४५ साल, एकच जिल्हा, दोन वाटा

हा प्रश्न पहिल्यांदा नीट दिसला तो जुन्या ठाणे जिल्ह्याच्या या आदिवासी पट्ट्यातच. आणि गंमत म्हणजे एकाच वर्षी दोन अगदी वेगळ्या ठिकाणी.

गोदावरी परुळेकर (आधीच्या गोखले) १९३७-३८ च्या सुमारास प्रौढ साक्षरतेच्या मोहिमेत होत्या. म्हणजे अक्षरापासूनच त्यांची सुरुवात होती. १९४५ साली त्या किसान सभेच्या कामासाठी तलासरी-उंबरगाव भागात वारल्यांमध्ये पोचल्या, तेव्हा समोर लग्नगडी होते. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घ्यायचे आणि ते फेडण्यासाठी नवरा-बायको दोघांनी जन्मभर त्याच्याकडे राबायचं. २३ मे १९४५ ला झरी गावी वारल्यांची सभा झाली आणि यापुढे वेठ करायची नाही असं ठरलं. त्यांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात हे सगळं आलं आहे. १९७० सालचं पुस्तक. कुणाकडे असेल तर जरूर वाचा. ज्याचा दिवस दुसऱ्याच्या मालकीचा आहे त्याला बाराखडी शिकवायची कधी, हा साधा प्रश्न त्यातून समोर येतो.

त्याच १९४५ मध्ये, तिथून फार लांब नाही अशा बोर्डीला, ताराबाई मोडक आल्या. ताराबाई म्हणजे गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला मॉन्टेसरी पद्धतीवर काम केलेल्या, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा करणाऱ्या बाई. शहरी बालशिक्षणात त्यांचं मोठं नाव होतं. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी त्या खेड्यात आल्या, कारण बालशिक्षण म्हणजे श्रीमंतांच्या मुलांचे लाड असं होऊन बसलं होतं. सोबत अनुताई वाघ. तेराव्या वर्षी लग्न, आणि त्याच कोवळ्या वयात वैधव्य. तिथून शिकत शिकत शिक्षिका झालेल्या.

बोर्डीत त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. बालवाडी सुरू झाली. छान चालली. पण येणारी मुलं गावातली, बऱ्या घरची. दलित वस्तीतली आणि आदिवासी वस्तीतली मुलं काही येईनात. आता इथे दोन गोष्टी करता आल्या असत्या. घरोघरी जाऊन शाळेत पाठवा म्हणून विनवायचं, किंवा अहवालात 'पालकांमध्ये जागृतीचा अभाव' असं लिहून मोकळं व्हायचं. (हे वाक्य मी आमच्या शीटच्या शेऱ्यात जवळजवळ लिहिलं होतं.) ताराबाई आणि अनुताईंनी तिसरंच केलं. त्या सामान उचलून वस्तीत गेल्या आणि तिथल्याच एखाद्या घरासमोरच्या अंगणात बसल्या. अंगणात भरते ती अंगणवाडी. आज आपण सरकारी योजना म्हणून जो शब्द वापरतो, तो इथे जन्माला आला.

१९५७ मध्ये केंद्र बोर्डीहून डहाणू तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर गेलं. इथे वस्ती प्रामुख्याने वारल्यांची. एक योगायोग सांगतो. याच १९५७ सालच्या आसपास, मोखाड्याच्या खालच्या अंगाला वैतरणा नदीवर मुंबईला पाणी देणारं धरण पुरं झालं. त्याचं नाव मोडकसागर, न. वि. मोडक या इंजिनिअरांच्या नावावरून. दोन मोडक, एकच मुलूख. एका मोडकांनी इथलं पाणी शहराकडे नेलं, दुसऱ्या मोडक शहरातली शाळा इकडे घेऊन आल्या. पाण्याचा प्रकल्प पुढे वाढत गेला. मोखाड्यातल्या कोचाळ्याजवळ मध्य वैतरणा धरणही झालं. उन्हाळ्यात त्याच तालुक्यात बायका हंडे घेऊन मैलभर चालतात. असो. विषय वेगळा आहे, पण फार वेगळा नाही.

कोसबाडला या दोघींनी जे केलं ते मी इंजिनिअरच्या नजरेने वाचलं आणि थक्क झालो. प्रत्येक गैरहजेरीचं कारण शोधायचं आणि कारणाप्रमाणे शाळेचा आकार बदलायचा.

मोठी मुलगी येत नाही, कारण धाकटं भावंड सांभाळायचं असतं. मग भावंडालाही घेऊन ये. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. याला त्यांनी विकासवाडी म्हटलं. मुलगा येत नाही, कारण गुरं राखायची असतात. मग गुरं जिथे चरतात त्या कुरणावर शाळा. कुरणशाळा! दिवसभर मोकळीकच नाही? मग रात्रीची शाळा. मॉन्टेसरीची लाकडी साधनं महाग पडतात? मग बिया, पानं, शंख-शिंपले, खडे. मोजायला चिंचोके काय आणि रंगीत मणी काय, दहा ते दहाच.

आपल्या पिढीच्या अंकलिपीत 'अ' अननसाचा होता. माझ्या घरी अननस कधी आला नाही, पण कोपऱ्यावरच्या फळवाल्याकडे दिसायचा तरी. नागली आणि वरई पिकवणाऱ्या घरातल्या, घरी वारली किंवा कोकणा बोली बोलणाऱ्या मुलाला तो अक्षराहूनही अनोळखी. त्याने 'अ' शिकायचा म्हणजे आधी अननस शिकायचा. आमच्या पेटीत पेंग्विनचं एक सुंदर पुस्तक होतं. त्या चौदा मुलांपैकी एकाने ते उघडून बराच वेळ पाहिलं आणि हा पक्षी कुठल्या रानातला असं विचारलं. मी सांगितलं, पण माझ्या उत्तराचा त्याला काही उपयोग झाला असं वाटत नाही.

सगळीकडे अनुताई कुठून आणायच्या?

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक आहे, पण एका टेकडीवरचं. जिल्ह्याचं काय? आमच्या भाषेत, हे स्केल कसं करायचं?

बरोबर आहे. आणि हा प्रश्नही जुनाच. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळालं. शब्द देशभर पोचला. पण नाव पोचलं म्हणजे विचार पोचतोच असं नाही. अंगणवाडी ही पुढे इमारत झाली, रजिस्टर झाली, वजनकाटा आणि पोषण आहार झाली. तेही हवंच होतं. जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत १९९२ मध्ये कुपोषणाने बालमृत्यू झाले ते आठवलं तर आहाराला दुय्यम म्हणायची कुणाची हिंमत होणार नाही. तरीही मूळ कल्पना, म्हणजे मूल जिथे आहे तिथे आपण जायचं, ती रजिस्टरच्या कुठल्याच रकान्यात बसत नव्हती.

शाळेच्या बाबतीत हाच वाद फार गंभीरपणे झाला. एका बाजूला कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव. त्यांचं म्हणणं साधारण असं, की जूनमध्ये दाखल व्हा, रोज सकाळी ते संध्याकाळ या, एकही वर्ष चुकवू नका, ही शाळेची रचनाच गरिबाच्या मुलाला बाहेर काढते. अर्धवेळ शाळा असू दे, मधूनच कुठेही दाखल होता येऊ दे. पुढे पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेने, चित्रा नाईक यांच्या पुढाकाराने, १९७९ पासून पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत संध्याकाळचे वर्ग चालवून हे करून दाखवलं. दिवसभर काम करणारी मुलं, त्यातही मुली, रात्री कंदिलाच्या उजेडात शिकल्या.

दुसऱ्या बाजूला आंध्रातल्या शांता सिन्हा. त्यांच्या एम. व्ही. फाउंडेशनने १९९० च्या दशकात रंगारेड्डी जिल्ह्यात नेमकं उलटं मांडलं. जे मूल शाळेत नाही ते बालमजूर. त्याच्यासाठी रात्रीची सोय करणं म्हणजे दिवसाची मजुरी मान्य करणं. शिबिर घ्या, राहिलेला अभ्यास भरून काढा, पण मूल पूर्णवेळ शाळेतच आलं पाहिजे. त्यांना २००३ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचा सूर बराचसा याच बाजूचा आहे. वयानुसार वर्गात प्रवेश, पूर्णवेळ शाळा.

मला विचाराल तर तत्त्व म्हणून मी सिन्हांच्या बाजूने आहे. माझी मुलगी रात्री कंदिलात शिकलेली मला चालणार नाही, तर त्या मुलीची का चालावी? पण भट्टीवरच्या त्या दुपारी तत्त्व उपयोगाचं नव्हतं. घरातले सगळे भट्टीवर, कारण पावसाळ्यातच उचल घेऊन खाल्लेली असते आणि मजुरी हजार विटांच्या हिशोबाने मिळते, म्हणजे जितके हात तितका आकडा. मुलीला गावात ठेवायची तर कुणाजवळ? आश्रमशाळा हा एक मार्ग. महाराष्ट्रात १९७२ नंतर सरकारने त्या आदिवासी भागात मोठ्या प्रमाणावर काढल्या आणि जव्हार-मोखाड्यातली पहिल्या पिढीची शिकलेली माणसं त्यांतूनच आली. पण सहा वर्षांचं मूल घरापासून दूर ठेवायला आईची छाती होत नाही, आणि मला त्यात अडाणीपणा काही दिसत नाही.

सरासरीचा घोळ

आता माझ्या आवडीच्या विषयावर येतो. आकडे.

१९९४ मध्ये जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. शिक्षणाचं नियोजन दिल्ली किंवा मुंबईत न होता जिल्ह्यात व्हावं, ही त्यामागची कल्पना खरोखर चांगली होती. जिल्हे निवडायचा एक निकष असा, की तिथली स्त्री-साक्षरता देशाच्या सरासरीपेक्षा कमी हवी. महाराष्ट्रात पहिल्या फेरीत औरंगाबाद, परभणी, उस्मानाबाद, लातूर आणि नांदेड हे जिल्हे आले. पुढच्या फेरीत धुळे, गडचिरोली, बीड, जालना. (यांतल्या दोघांची नावं आता बदलली आहेत, पण तेव्हा ही होती.) ठाणे यात नव्हतं. असणार कसं? ठाणे जिल्हा म्हणजे ठाणे शहर, कल्याण, डोंबिवली, मीरा रोड, नवी मुंबई. सरासरी झकास.

२०११ च्या जनगणनेचे आकडे घेऊन मी एक हिशोब केला. तेव्हा ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १,१०,६०,१४८, देशातला सर्वांत मोठा जिल्हा. साक्षरता ८४.५३ टक्के. त्यात जव्हार तालुका १,४०,१८७ आणि मोखाडा ८३,४५३. दोन्ही मिळून २,२३,६४०, म्हणजे जिल्ह्याच्या दोन टक्के. आता समजा, फक्त समजा, या दोन तालुक्यांत निम्मेच लोक साक्षर आहेत आणि तुम्ही जिवाचं रान करून ते शंभर टक्के केलेत. जिल्ह्याचा आकडा किती हलेल? एका टक्क्याने. आणि उलट, दोन्ही तालुके पूर्ण विसरलात तरी वरच्या कार्यालयात जाणाऱ्या तक्त्यात काहीच दिसणार नाही.

१ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा जिल्हा झाला, तेव्हा वाटलं की हा घोळ मिटला. काही अंशी मिटलाही. पण २०११ च्याच आकड्यांवर पालघरची लोकसंख्या २९,९०,११६ आणि त्यातला एकटा वसई तालुका १३,४३,४०२. म्हणजे शंभरातले पंचेचाळीस वसई-विरारचे, साडेसात जव्हार-मोखाड्याचे. सरासरी अजूनही विरारच ठरवतं. आणि विरारच्या इमारतींना लागणाऱ्या विटा थापायला माणसं कुठून येतात ते मगाशी सांगितलंच. एकाच जिल्ह्याच्या सरासरीत ज्या घरात बसून मी हे लिहितो तसलं घरही आहे आणि त्या घराची वीट उलटणारी मुलगीही.

सरकारला हे कळलंच नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. २००४ मधली कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयांची योजना जिल्हा सोडून तालुका हे एकक घेऊन आली. २२ जून २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'च्या निर्णयाने प्रत्येक मूल प्रगत झालं पाहिजे असं म्हटलं. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आलं, म्हणजे जिथे जाल तिथल्या शाळेत ते दाखवून बसायचं. जिल्हा, तालुका, मूल. एकक लहान होत गेलं, दिशा बरोबरच आहे. फक्त कार्ड घेऊन भट्टीवरून शाळेत कोण नेणार, हे कार्डावर छापता येत नाही.

पुन्हा अंगणात

ज्यांनी हे नेणं अंगावर घेतलं त्यांची कामं लहान आहेत, पण मला ती ताराबाईंच्या थेट वंशातली वाटतात. भट्टीवरच्या गवता-पेंढ्याच्या झोपडीला भोंगा म्हणतात. १९९० च्या दशकात वसई भागातल्या विधायक संसदेने भट्ट्यांवरच वर्ग सुरू केले, त्या भोंगाशाळा. आंगणाच्या जागी भट्टीचं आवार, एवढाच फरक. १९८२ मध्ये अनुताई आणि रमेश पानसे यांनी सुरू केलेलं ग्राममंगल डहाणूच्या ऐन्याला, आणि नीलेश निमकरांनी २००७ मध्ये सुरू केलेली क्वेस्ट ही संस्था वाडा तालुक्यातल्या सोनाळ्याला. मुलाच्या बोलीतून वाचनाकडे कसं जायचं यावर क्वेस्टने अंगणवाडी ताईंबरोबर आणि आश्रमशाळांमधून काम केलं आहे.

आणि २०२०. कोविडमध्ये शाळा बंद झाल्या, आपली मुलं लॅपटॉपसमोर बसली. जव्हार-मोखाड्यात स्मार्टफोन नाही, असला तर रेंज नाही. तेव्हा दिगंत स्वराज फाउंडेशनने 'बोलकी शाळा' काढली. आधी रेकॉर्ड केलेले धडे आणि एक लाउडस्पीकर. कार्यकर्ता तो घेऊन पाड्यावर जायचा आणि मुलं अंगणात अंतर ठेवून बसायची. आम्ही त्याच महिन्यांत एका शैक्षणिक ॲपची पाचवी आवृत्ती बाजारात आणत होतो. कुणाच्या गोष्टी जास्त मुलांपर्यंत पोचल्या असतील याचा मी हिशोब करत नाही.

मग आता माझं काय? इतिहास वाचून शहाणपण आलं का?

थोडंसं. पुढच्या वर्षी आम्ही पेट्या जानेवारीत नेल्या नाहीत. जूनच्या अखेरीस नेल्या, पाऊस लागायच्या बेतात, मुलं गावात असताना. रस्ता वाईट होता, दोनदा गाडी ढकलली. पेंग्विन घरी ठेवला. ऑक्टोबरमध्ये परत गेलो आणि गुरुजींना विचारलं, या वेळी कोण कोण जाणार आणि कुठे? गुरुजींना सगळं ठाऊक होतं. कुठल्या घराने कुणाकडून उचल घेतली, कोण भिवंडीकडे, कोण वसईकडे, कुणाची आजी गावात राहते. इतक्या वर्षांत त्यांना हे कुणी विचारलंच नव्हतं, कारण कुठल्याच तक्त्यात तो रकाना नव्हता.

त्याच पाड्यावरची बारावी झालेली एक मुलगी आता भट्ट्यांवर आठवड्यातून तीन संध्याकाळी जाते. तिला मानधन आम्ही वर्गणी काढून देतो. ती मुलांशी घरच्या बोलीत बोलते आणि मग मराठी पुस्तक उघडते. हे पुरेसं आहे का? नाही. हे सिन्हांना पटेल का? मुळीच नाही, आणि मलाही पूर्ण पटत नाही. पण जिल्हा, तालुका, सरासरी हे सगळं बाजूला ठेवल्यावर माझ्या हातात एवढंच उरलं.

शीट अजून आहे. किलोमीटरचा कॉलम मी काढून टाकला. आता प्रत्येक ओळीत शाळा नसून एका मुलाचं नाव आहे, आणि पुढे 'कधी गेलं', 'कुठली भट्टी', 'सोबत कोण' असे रकाने. या हंगामात चोवीस ओळी आहेत. पंधरा भरल्या आहेत. उरलेल्या नऊ मुलांची भट्टी अजून कळलेली नाही. होळीला घरी आली की विचारून सांगतो, असं गुरुजी म्हणाले आहेत.